जकातघरातला हात

"हात ठेवायला तुझं झिजतंय काय, ते तरी एकदा कळू दे मला!"

"झिजायचं होतं ते झिजून झालं. मी ठेवणार नाही."

"अगं, फोटोवाला मुद्दाम येतोय उद्या. मी शब्द देऊन बसलोय."

"शब्द तुम्ही दिलात ना? मग हातही तुमचाच ठेवा."

खिडकीपाशी बटाटे सोलत बसलेली सून खुदकन हसली आणि सासऱ्यांची नजर वळताच खोकल्याचं सोंग करू लागली. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "आई, दोन मिनिटांचं काम आहे गं," तो म्हणाला. "भिंतीजवळ उभं राहायचं, त्या पंज्यात हात ठेवायचा, हसायचं. एवढ्यासाठी सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय दोघांनी."

"मी नाही घेतलेलं. माझ्या डोक्यावर आधीच भरपूर आहे," ती म्हणाली आणि पातेल्याचं करपलेलं बूड अशी खरवडायला लागली, की कोणाचं तरी तोंड घासतेय असं वाटावं.

गावात तिला सगळे जकातवाली म्हणत. उभ्या जन्मात तिनं कोणाकडून दमडी जकात घेतली नव्हती. पण पुलाच्या तोंडाशी जे दगडी जकातघर आहे, जिथं एके काळी पूल ओलांडणाऱ्या गाड्या थांबवून कर घेत, तिथं ती लग्न होऊन आली होती, आणि घराचं नाव बाईला चिकटलं. नवऱ्याच्या घराण्याकडे त्या इमारतीची राखण होती. राहायला फुकट, अट एवढीच, की दिवसा खालची पुढची खोली पाहुण्यांना उघडी ठेवायची. आणि धुराडं नेमकं त्याच खोलीत, म्हणून स्वयंपाकही तिथंच. जकातवालीनं आयुष्यभर परक्यांच्या देखत कांदा चिरला. एका बाईनं तर एकदा शिजत्या पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला होता आणि तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला विचारलं होतं, "हे लोक अजून असंच खातात का हो?"

गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात, नदीच्या काठाकाठानं लांबलेलं. बघण्यासारखं म्हणजे तीन कमानींचा पूल, बंद पडलेल्या घड्याळाचा मनोरा, दगडी खांबांचा धान्यबाजार आणि जुनं स्नानगृह. नवऱ्याला गावानं तोंडपाठ असं नाव ठेवलं होतं, कारण या सगळ्यांची माहिती तो घडाघडा म्हणून दाखवी. पाहुणे आले की त्याचा आवाज मऊ होई, मान एका बाजूला कले आणि डाव्या हाताची बोटं हवेत काहीतरी कुरवाळू लागत. धान्यबाजाराच्या खांबावर जुन्या पुराच्या पाण्याची रेघ होती. ऐकणारे जास्त असले की तोंडपाठच्या बोलण्यातलं पाणी त्या रेघेच्या पार वर चढे. एकटादुकटा असला तर गुडघ्यापर्यंत येऊन थांबे.

तो बोलायचा आणि ती झाडायची. सकाळी पाहुणे यायच्या आधी या इमारती साफ करण्याचं काम तिच्याकडे होतं. त्यामुळे गावाचा इतिहास तिला मुख्यतः नाकानं माहीत होता. मनोऱ्याच्या जिन्यात कबुतरांच्या घाणीचा थर, त्यात मेलेली पिल्लं. स्नानगृहाच्या कोपऱ्यात शिळ्या मुताचा वास, जो चुन्याची फक्की मारूनही दुपारपर्यंत परत येई. धान्यबाजाराच्या खांबांना चघळून चिकटवलेल्या च्युइंगमच्या गोळ्या, त्यांच्यावर दातांचे ठसे. त्या गोळ्या ती नाक मुरडून सुरीनं काढी, आणि रोज तेवढ्यात पलीकडून नवऱ्याचा मऊ आवाज ऐकू यायचा: "या दगडांना कान लावा. ते बोलतात."

बोलत असते, तर आधी थुंकले असते, असं तिला वाटे.

आणि आता तो हात.

स्वयंपाकाच्या खोलीत, धुराड्याच्या उजव्या अंगाला, चुन्याच्या गिलाव्यात एक पंजा खोल उमटलेला आहे. बाईचा पंजा. मनगटाकडच्या बाजूला तो थोडा घसरलेला आहे आणि करंगळी बाहेरच्या अंगाला विचित्र वाकलेली. तोंडपाठ सांगतो, की पूल बांधून झाल्यावर मिस्त्री दुसऱ्या मुलखात कामाला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोनं ओल्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, 'हा हात बुजेल तेव्हाच माझी माया बुजेल.' खालचा घसरलेला भाग का? तर त्याची पाठ फिरताना तिच्या पायातलं बळ गेलं. करंगळी का वाकडी? तर म्हणे ती त्याच्या वाटेकडे वळली. इथं बायका डोळे टिपत. तरुण जोडपी पाळीपाळीनं त्या पंज्यात हात ठेवून फोटो काढत. घामाचे, तेलाचे, आइस्क्रीमचे हात. पंजा आतून काळा तुकतुकीत झाला होता, एखाद्या सार्वजनिक दाराच्या मुठीसारखा. दर संध्याकाळी जकातवाली गरम पाण्याचं फडकं घेऊन तो पुसून काढी आणि मग आपले हात साबणानं कोपरापर्यंत धुई.

खरी गोष्ट लांबलचक नाही. ती गवंड्याची लेक. नदीच्या वरच्या अंगाच्या गावात तिचा बाप चुन्याची कामं करी, आणि पोरगी त्याच्या हाताखाली थापी धरायला शिकली होती. लग्न होऊन आली त्या वर्षी पुरानं जकातघराच्या भिंती भिजल्या, गिलावा सुटला. "बाहेरचा माणूस कशाला? मी करते," म्हणाली आणि स्टुलावर चढून एकटीनं भिंत लिंपली. शेवटचा हात फिरवत होती तेव्हा नवरा कोणा व्यापाऱ्याला घर दाखवायला घेऊन आला आणि सांगू लागला, "ही भिंत आमच्या आजोबांच्या हातची. बघा, कसा गुळगुळीत गिलावा!"

नवी नवरी स्टुलावरून हसत म्हणाली, "आजोबांचा चुना अजून ओला आहे हो. हात लावू नका."

व्यापारी पोट धरून हसला. तो जाईपर्यंत नवराही हसत होता. मग दार लावून आला, त्यानं तिला मनगट धरून स्टुलावरून खाली ओढलं आणि ढकललं. ती भिंतीवर गेली. सगळा भार उजव्या तळव्यावर आला, पंजा चुन्यात रुतला, घसरला, मनगट मोडलं आणि करंगळी उलटी झाली. हाताचं बांधलेलं सुटेपर्यंत चुना दगड झाला होता. नवऱ्यानं माफी मागितली नाही. त्यानं भांड्यांचं कपाट ओढून त्या जागेपुढे लावलं. पुन्हा त्यानं कधी तिच्यावर हात उगारला नाही, हेही खरंच. कपाट सरकवताना त्याचे कान लाल झाले होते. ते लाल कान तिनं मनात जपून ठेवले. माणसाला लाज आहे, एवढ्या भांडवलावर तिनं संसार केला. मुलगा झाला, मोठा झाला, करंगळी वाकडी कशी, विचारलं तर म्हणे, "मनोऱ्याच्या जिन्यात पडले."

मग गावात वारसा समिती झाली, इमारतींवर पाट्या लागल्या, आणि पाहुण्यांना ऐसपैस उभं राहता यावं म्हणून कपाट हलवलं गेलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "अगंबाई, हा हात कोणाचा?" तोंडपाठ क्षणभर गप्प झाला. जन्मात पहिल्यांदा. जकातवाली शेगडीपाशी उभी होती. तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं. आणि त्यानं मिस्त्रीची बायको जन्माला घातली.

त्या दिवशी तिला वाटलं होतं, बिचारा, वेळ मारून नेली. सांगणार तरी काय परक्या माणसांना! पण मिस्त्रीची बायको पाहुण्यांमागून पाहुण्यांना आवडत गेली. समितीनं तिला माहितीपत्रकात घातलं. मुलानं तर पंज्याचा साचाच काढला आणि मातीचे पंजे भाजून दाराशी विकायला मांडले. कागदांवर ठेवायला वजन म्हणून लोक ते घेत. सून त्यांना रंग देई. "करंगळी बघून घ्यावी लागते हं आई, भट्टीत हमखास तुटते," ती सांगे. जकातवाली त्याच वाकड्या करंगळीच्या हातानं तिला वाढत असे. घरातल्या कोणाच्या कधी लक्षात आलं नाही. वाढणाऱ्या हाताकडे बघतंय कोण? सगळे वाटीत बघतात.

आता समितीनं पितळी पाटी करवून घेतली होती. 'हा हात बुजेल तेव्हाच माझी माया बुजेल', वर ठळक अक्षरांत, खाली बाकीची कथा. उद्या ती भिंतीवर लागायची होती, आणि जकातघरात आज राहणारी बाई म्हणून जकातवालीनं त्या पंज्यात हात ठेवून फोटो काढून घ्यायचा होता.

बाहेरून हाक आली. "आहात का घरात?" समितीचा अध्यक्ष, चौकातला औषधवाला, पाटी घेऊन आला होता. मुलगा आणि सून त्याला हात द्यायला बाहेर धावले. खोलीत दोघंच उरली.

जकातवालीनं हात पुसले. "एक विचारते," ती हळू आवाजात म्हणाली. "तो हात कोणाचा आहे, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

तिला फार काही नको होतं. त्यानं नजर चुकवली असती तरी चाललं असतं. 'जाऊ दे ना आता' म्हणाला असता तरी तिनं कदाचित उद्या हात ठेवलाही असता, कोण जाणे. पण तोंडपाठनं भिंतीकडे पाहिलं. मान एका बाजूला कलली. डाव्या हाताची बोटं हवेत उठली. "तिचा," तो त्या मऊ आवाजात म्हणाला. "काय बाई असेल गं! एवढी माया. आजकाल कुठे राहिलंय असं काही!"

तिनं त्याच्या कानांकडे निरखून पाहिलं. कान कानांच्या रंगाचे होते.

पाहुण्यांसमोर खोटं बोलणारा नवरा तिनं सहन केला होता. तो धंदा होता. पण इथं पाहुणा कोणीच नव्हता. रिकाम्या खोलीत, तिच्यासमोर, तिच्याच हाताची गोष्ट तो तिलाच ऐकवत होता आणि डोळ्यांत पाणी आणत होता.   

औषधवाला आत आला. फडक्यात गुंडाळलेली पाटी त्यानं टेबलावर ठेवली, घाम पुसला. "वहिनी, तयारी आहे ना उद्याची? चला, एकदा करून बघू. फोटोवाल्यानं विचारलंय, बाई उंचीला पुरतील ना म्हणून."

"नाही म्हणतेय ती," मुलगा म्हणाला.

"लाजताहेत!" औषधवाला हसला. औषधं विकून विकून प्रत्येक दुखणं त्याला एकाच गोळीचं वाटे. "अहो, लाजायचं काय त्यात? या इकडे." आणि त्यानं अगदी प्रेमानं, दुकानात म्हातारीला ओटा उतरवताना धरतात तसं, तिचं उजवं मनगट धरलं आणि पंजा भिंतीला टेकवला.

हात आत गेला. पाचही बोटं आपापल्या खोबणीत बसली. करंगळी वाकली, तशीच खोबण वाकलेली होती. कुठे फट नाही, कुठे अडकलं नाही. पंजा आतून गार आणि चिकट होता. सकाळच्या कोणाचा तरी मलमासारखा वास तिच्या बोटांना लागला.

 पुन्हा बटाटे सोलायला बसलेल्या सुनेच्या हातातली सुरी खाली पडली. "आई," ती म्हणाली, "तुमची करंगळी..."

"वा!" औषधवाला ओरडला. "अहो, तंतोतंत! जणू त्याच बाईचा हात!"

जकातवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी. तोंडपाठच्या चेहऱ्यावर खरोखर काहीतरी पसरत होतं. पण ती लाज नव्हती. नवी गोष्ट सुचल्याचा आनंद होता तो.

"आमच्या घराण्यात तशी रीतच आहे," तो सुरू झाला. "या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचा हात या पंज्यात बसतो. बसला की समजायचं, घर टिकलं. आईचा बसला होता, हिचा बसला. उद्या फोटोत दोघी घेऊ या ना! सासू आणि सून! काय म्हणता?"

"कल्पना झकास आहे!" औषधवाला म्हणाला. "पाटीवर एक ओळ वाढवता येईल."

"माझा नाही बसायचा," सून मागे सरत म्हणाली. "माझा हात बारका आहे. आणि मला नाही ठेवायचा तिथं. घाण वाटतं."

"नखरे नको गं करू सगळ्यांसमोर," मुलगा हसत हसत म्हणाला आणि त्यानं तिचं मनगट पकडून तिला भिंतीकडे ओढलं. हसत होता, थट्टेतच होता. पण अंगठा कुठे रुतला होता, ते जकातवालीला दिसलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं हाड पातळ असतं. तीच पकड. बापानं शिकवलेली नव्हती. आपसूक आली होती, नाकासारखी.

"सोड तिचा हात."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. तरी मुलानं हात सोडला. औषधवाल्याला अचानक दुकान आठवलं. "बरं, सकाळी भेटू," असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. पाटी टेबलावरच राहिली.

तो गेल्यावर जकातवालीनं हात धुतला. पुन्हा धुतला. मग परसात गेली. पुलाच्या डागडुजीसाठी समितीनं तिथं टाकीत चुना मुरत ठेवला होता, वर गोणपाट घातलेलं. तिनं गोणपाट उचललं, चिमूटभर चुना बोटांत घेऊन चोळला. लोण्यासारखा मुरला होता. तिनं घमेलं शोधलं, वाळू चाळून घेतली, कोनाड्यातली बापाची थापी काढून तिच्यावरचा गंज विटकरीनं घासला. सून दाराशी येऊन उभी राहिली.  तिनं मनगट दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं.

"दुखतंय?" जकातवालीनं विचारलं.

"नाही तसं."

"मीही असंच म्हणायचे, कोणी विचारलं की."

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा तोंडपाठ खुशीत होता. सूप भुरकताना त्याच्या मिशीच्या टोकाला थेंब लोंबत होता, आणि तो थेंब पडेल पडेल म्हणत ती बघत राहिली. पडला नाही; त्यानं जिभेनं चाटून घेतला. "दोन बायका म्हणजे फोटो भरल्यासारखा वाटेल," तो बायकोला म्हणाला. "तू ती निळी ओढणी घे."

"तो हात माझा आहे," जकातवाली मुलाला म्हणाली. "मिस्त्रीच्या बायकोचा नाही. मिस्त्रीला बायको होती की नव्हती, देव जाणे. भिंत मी लिंपत होते. तुझ्या बापानं ढकललं, तेव्हा तो उमटला. करंगळी तेव्हाची आहे. जिन्यात मी कधी पडले नाही."

मुलाचा चमचा वाटीत राहिला. त्यानं बापाकडे पाहिलं. मग दारापाशी मांडलेल्या, रंग वाळत असलेल्या पंज्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"अगं, काय हे!" तोंडपाठ वैतागून म्हणाला. "इतक्या जुन्या गोष्टी उकरून काढायच्या असतात का कोणी?"

सुनेला हसू फुटलं. ते थांबेना, तिनं तोंडावर हात दाबला तरी खांदे हलत राहिले. "जुन्या गोष्टींवरच तर जेवतोय आपण, बाबा," ती कशीबशी म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"त्या वेळी मी तरुण होतो," तोंडपाठ म्हणाला. "डोकं गरम होतं. नंतर कधी केलं का मी तसं? सांग ना, केलं का?"

"नंतर रोज केलंत," ती म्हणाली. "लोक जमवून केलंत."

तो काहीतरी बोलायला गेला. मान एका बाजूला कलू लागली, बोटं उठली. मग ऐकायला कोण आहे ते त्याच्या ध्यानात आलं असावं. बोटं टेबलावर पडली. त्यानं पितळी पाटीवरचं फडकं सारलं आणि अक्षरं तिच्याकडे वळवली. "निदान हे तरी वाच. काय लिहिलंय बघ. समितीला मी काय सांगू? पाहुणे येतील, त्यांना काय दाखवू? आपण खायचं काय?"

"पूल आहे. मनोरा आहे. पुराची रेघ आहे, तिला हवी तेवढी वर न्या. मी आड येणार नाही."

तिनं वाट्या उचलल्या, एकीत एक ठेवल्या आणि ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, पाटीच्या कडेकडेनं.

"उद्या उजाडताच मी ही भिंत लिंपणार आहे," ती म्हणाली. "पाटी कुठे लावायची ती लावा. कपाट पुन्हा तिथं सरकवायचं नाही. आणि ओल्या चुन्याला या घरातल्या कोणी हात लावायचा नाही."